महादेवाची वाट आणि पुढे चालणारे

जुन्नारदेवजवळच्या विशाला या ठिकाणाला आसपासच्या मुलखात सगळे 'पहिली पायरी' म्हणतात. हिंदी बोलणारा माणूसही 'पहली पायरी'च म्हणतो. हिंदीत पायरीला सीढी म्हणतात. पायरी हा शब्द आपला. तेथून पुढे पचमढीच्या डोंगरात चौरागडापर्यंत जी पायवाट जाते, तिचा पहिला टप्पा मराठी नावाने ओळखला जातो, ही गोष्ट आपण सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या जागेला नाव राहते ते तेथून जाणाऱ्यांच्या तोंडी असलेले. वऱ्हाड-नागपूरची आणि आपल्या कन्हान-जामकाठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन या वाटेने गेली. त्यांची भाषा त्या दगडाला चिकटून राहिली.

आता मोटारीने सकाळी निघालेला माणूस दुपारी पचमढीत चहा पितो. पण पायी जाणाऱ्याच्या दृष्टीने ही यात्रा म्हणजे जवळजवळ आठवडाभराचा प्रवास होता. मोहगावाहून निघायचे, अर्धनारीश्वराला नमस्कार करायचा, सौंसर, रामाकोना करीत सिल्लेवानीचा घाट चढायचा, छिंदवाड्याच्या पठारावर यायचे, तेथून पश्चिमेला जुन्नारदेवकडे वळायचे. हे सगळे झाले की पहिली पायरी! म्हणजे आपल्या हिशेबाने अर्ध्याहून अधिक चालून झाल्यावर खरी वाट सुरू व्हायची. पुढे गाव विरळ, जंगल दाट, नाले खोल. भुराभगत, मग डोंगरामागून डोंगर, आणि शेवटी बाराशेच्या वर पायऱ्या चढून चौरागड. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच. जातानाचा हिशेब दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि परतीची वाट तेवढीच.

या वाटेचे वर्णन करताना आपण देवाचे करतो, गर्दीचे करतो, त्रिशुळाच्या वजनाचे करतो. पायाखालच्या दगडाकडे मात्र लक्ष जात नाही. तो दगड काही साधा नाही. पांढुर्णा, मोहगाव, मुलताई हा सारा काळ्या पाषाणाचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, एकावर एक थर पसरत गेला आणि थंड होऊन त्याचा हा पाषाण झाला. सह्याद्रीचे कडे ज्या दगडाचे, त्याच दगडाचे आपले माळ. आपली काळी जमीन, तिच्यातला कापूस आणि संत्रा, ही त्याच लाव्ह्याची पुण्याई. सौंसरच्या पूर्वेकडे मात्र याहून कितीतरी जुना खडक उघडा पडतो, ज्यात मँगनीज सापडते. भूगर्भशास्त्रज्ञ त्या खडकांच्या गटाला सौंसरचेच नाव देतात.

लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, झाडे उगवत, आणि मग नवा लाव्हा त्यांच्यावर पसरे. त्या तळ्यांतला गाळ गारगोटीसारखा घट्ट होऊन झाडापानांसकट टिकला. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि त्यांचे सहकारी राव यांनी १९४३ साली सौंसरच्या आसपासच्या अशाच दगडांतील वनस्पतींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत पाण्यावर तरंगणारी अझोलासुद्धा होती. आज गुरांचा दवाखाना शेतकऱ्याला हौदात अझोला वाढवून गाईला घालायला सांगतो, तीच ही वनस्पती, आपल्या बांधावरच्या दगडात कोट्यवधी वर्षांपासून बसलेली. छिंदवाड्याच्या पूर्वेला दुसरे एक मोहगाव आहे, मोहगाव कलाँ. त्याचे नाव तर जगभरच्या जीवाश्मांच्या अभ्यासकांना पाठ आहे. तेथे निपा नावाच्या पाणताडाची फळे दगड होऊन सापडली. हा ताड खाऱ्या पाण्याच्या दलदलीत वाढणारा. आपल्या मोहगावाचे नाव कोणी परदेशी माणसाने घेतले तर तो बहुधा त्या मोहगावाबद्दल बोलत असतो, याची थोडी रुखरुख वाटते खरी.

छिंदवाड्याचे पठार सोडून महादेवाच्या डोंगरात शिरले की दगड बदलतो. पचमढीचे डोंगर वालुकाश्माचे, लाव्ह्याच्याही आधीचे. काळा पाषाण संपून तांबूस, पिवळसर, पाण्याने झिजलेले कडे सुरू होतात. गुहा, घळी, कपारी या वालुकाश्मात होतात. म्हणूनच महादेव तेथे राहतो, असे म्हणायला हरकत नाही. झाडेही बदलतात. पाषाणावर साग, वालुकाश्मावर साल. नकाशा नसलेल्या काळात चालणाऱ्याला आपण कोठवर आलो हे सांगणारी हीच खूण होती. पण ती खूण वाचता येणारा माणूस सोबत हवा.

तो माणूस आपला नसे. तो गोंड असे किंवा कोरकू. एवढीच गोष्ट या लेखात मला सांगायची आहे, कारण आपल्या घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या महादेवाच्या यात्रेच्या गोष्टींत तो जवळजवळ नसतोच.

देवाशी आपले नाते तर अगदी घरचे. आपल्याकडची समजूत अशी की पार्वतीने एकदा महाराष्ट्रात मैना गोंडिणीचे रूप घेतले होते. त्यामुळे पार्वती आपली बहीण, महादेव आपले भाऊजी, आणि ज्याचा उत्सव आपण आज करीत आहोत तो गणपती आपला भाचा! भाच्याला दहा दिवस मामाच्या घरी आणायचे आणि शिवरात्रीला बहिणीच्या सासरी जाऊन यायचे, असा हा वर्षाचा सगळा व्यवहार. चौरागडावर मराठी माणूस देवाशी ज्या मोकळेपणाने, कधी चक्क भांडल्यासारखा बोलतो, त्याचे कारण हे नाते आहे. पण या गोष्टीतले गोंडीण हे रूप आपण पटकन ओलांडून पुढे जातो. ज्यांनी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्यांना ठाऊक होते की बहिणीच्या घरची वाट गोंडांच्या अंगणातून जाते.

भुराभगताची कथाही तशीच. भुराभगत हा महादेवाचा साधक. या डोंगरात त्याने तप केले, त्याला देवाचे दर्शन झाले. वर माग म्हटल्यावर त्याने धन मागितले नाही, मोक्षही मागितला नाही. तुझ्या पायाशी राहू दे आणि तुझ्याकडे येणाऱ्यांना तुझी वाट दाखवू दे, एवढेच मागितले. तेथे एक शिळा आहे, ध्यानाला बसलेल्या माणसासारखी दिसते. यात्रेकरू आधी तिच्यापुढे थांबतो, मग पुढे जातो. वाट दाखवणाऱ्याचेच देऊळ व्हावे अशी स्थाने आपल्या देशात फार नसतील. इंग्रजी अमलातल्या नोंदींतही पाहायला मिळते की महादेवाच्या डोंगरातले काही छोटे जहागीरदार 'भोपा' म्हणवले जात आणि महादेवाच्या स्थानांचे राखणदार म्हणून त्यांचा वंशपरंपरागत मान असे. तुळजापूरच्या भोप्यांमुळे हा शब्द आपल्याला परका नाही. म्हणजे डोंगर त्यांचा, देवाची राखण त्यांची, आणि आपण वर्षातून एकदा येणारे पाहुणे.

पाहुणचाराचे हे नाते राजकारणातही होते, आणि त्याची सर्वांत मोठी परीक्षा १८१८ साली झाली.

तेव्हाची परिस्थिती थोडक्यात सांगतो. देवगडच्या गोंड राज्याचा राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. १७३९ मध्ये चांद सुलतान वारल्यावर वारसांचे भांडण लागले, त्यात रघूजी भोसले मदतीला आले आणि पाहता पाहता राज्यच भोसल्यांच्या हाती गेले. गोंड राजाला नागपुरात मानाने ठेवले, पण सत्ता उरली नाही. आपले सौंसर-पांढुर्णा, छिंदवाडा, बैतूल हे सगळे नागपूरकरांच्या राज्यात आले. मराठी कुणबी, व्यापारी, कारकून मंडळी या काळात घाटाखालच्या काळ्या मातीत स्थिरावत गेली. आज या स्मरणिकेच्या वाचकांतील कितीतरी घराण्यांची मुळे तेथवर जातात. घाटावरच्या डोंगरी ठाकुरांना मात्र भोसल्यांनी बरेचसे त्यांच्या त्यांच्या जागी राहू दिले. हर्रई, पचमढी, बटकागड अशा लहान लहान जहागिऱ्या. नागपूरचा अंमल त्यांच्यावर नावापुरताच.

१८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुबळे, म्हणून पुतणे मुधोजी, म्हणजेच अप्पासाहेब, कारभारी झाले. त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला, आणि तो अप्पासाहेबांनीच करविला हे इतिहासकार बहुतेक एकमुखाने सांगतात. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली, ती अप्पासाहेबांनी गमावली. जानेवारी १८१८ मध्ये नर्मदेकडचा मुलूख इंग्रजांना लिहून देऊन त्यांनी गादी टिकवली, पण पुन्हा गुप्त हालचाली केल्याचा आरोप ठेवून रेसिडेंट जेंकिन्सने मार्चमध्ये त्यांना कैद केले आणि अलाहाबादेकडे रवाना केले.

अप्पासाहेब थोर पुरुष होते असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. भावाचा खून, एक पाय इंग्रजांच्या दरबारात आणि एक पेशव्यांच्या, अशी त्यांची कारकीर्द. म्हणूनच पुढे जे झाले ते अधिक विचार करायला लावते.

जबलपूरच्या वाटेवर रायचूर नावाच्या गावी मुक्काम होता. १२ मेची रात्र. पहाऱ्यावरचे काही शिपाई फितूर झाले, अप्पासाहेबांनी शिपायाचा वेश चढवला आणि अंधारात निघून गेले. अंथरुणावर उशी ठेवली होती. अधिकारी डोकावला तेव्हा सेवक तिचेच पाय चेपत बसलेले. सकाळी पाखरू उडालेले. कोठे? सरळ महादेवाच्या डोंगरात.

आधी हर्रईचा गोंड ठाकूर चैनशहा याने त्यांना आसरा दिला. मग पचमढीकडच्या डोंगरात मोहनसिंग ठाकुराने. जेंकिन्सने त्यांच्या डोक्यावर मोठे इनाम लावले. मे महिना संपला, पावसाळा लागला. सातपुड्यातला पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. नाले दुथडी, वाटा बंद, कडे निसरडे, ताप. इंग्रजी पलटणी खाली मैदानात थांबून राहिल्या. डोंगरात वावरणे फक्त डोंगरातल्या माणसालाच शक्य होते, आणि तो माणूस अप्पासाहेबांना या घळीतून त्या घळीत, या वस्तीवरून त्या वस्तीवर नेत होता. नागपूरच्या वाड्यात वाढलेला राजा, पालखीत बसायची सवय, आणि पुढे एक गोंड हातात कुऱ्हाड घेऊन चालतो आहे! त्या चालणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदात आलेले नाही. ठाकुरांची नावे आली, त्यांच्या माणसांची नाहीत.

डोंगरात बसून अप्पासाहेब स्वस्थ राहिले नाहीत. अरब शिपाई, जुने सरदार, गोंड असे लोक जमत गेले. २० जुलैला बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची शंभरावर शिपायांची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली. आपल्या पांढुर्ण्याच्या वरच्या अंगाला, तापीच्या उगमाचे मुलताई काही काळ त्यांच्या पक्षाच्या लोकांनी घेतले. त्या भर पावसात आपल्या खेड्यांतून काय कुजबुज चालली असेल! नागपुरात दुसऱ्या रघूजींचा अल्पवयीन नातू गादीवर बसवला गेला होता, आणि घाटावर जुना राजा जिवंत आहे, गोंडांनी त्याला लपवले आहे, ही बातमी घाटाखाली पोहोचत होती. पाटलाला सारा कोणाला द्यायचा हा प्रश्न, शेतकऱ्याला गुरे कोठे दडवायची हा.

तब्बल नऊ महिने हे चालले. उन्हाळ्याचा शेवट, सगळा पावसाळा, सगळा हिवाळा. फेब्रुवारी १८१९ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजा चारी बाजूंनी डोंगरात शिरल्या तेव्हा अप्पासाहेब चित्तू पेंढाऱ्यासोबत असीरगडाकडे निसटले. असीरगड ९ एप्रिलला पडला, तेव्हाही ते हाती लागले नाहीत. पुढे पंजाब, मग जोधपूर, आणि तेथेच १८४० मध्ये मृत्यू. चित्तूला जंगलात वाघाने खाल्ले, हे शाळेत असताना सगळ्यांनी वाचलेले असते. बाकीचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

नऊ महिन्यांत इनामाच्या लोभाने एकाही गोंडाने किंवा कोरकूने अप्पासाहेबांना धरून दिले नाही. या एका वाक्यासाठी मी वरचे सगळे सांगितले. ज्या भोसल्यांनी देवगडचे गोंड राज्य गिळले, त्यांच्याच वंशातल्या, हातून राज्य गेलेल्या माणसाला त्यांनी सांभाळले. का सांभाळले? निष्ठा म्हणावी तर अप्पासाहेबांनी त्यांचे काय भले केले होते? काही जण म्हणतात की इंग्रज आले तर आपली जहागिरी जाईल अशी भीती होती, आणि ती खरीही ठरली. त्यात तथ्य आहे. पण जहागिरी ठाकुराची होती. वाट दाखवणाऱ्याला, भाकर आणून देणाऱ्याला, पाण्याची जागा सांगणाऱ्याला जहागिरी नव्हती. त्याच्या बाजूने मला एकच गोष्ट दिसते. जो माणूस महादेवाच्या वाटेवर आपल्या भरवशाने चालत येतो, त्याला पोहोचवायचे, ही त्याची रीत. दरवर्षी शिवरात्रीला तो हेच करीत आला होता. त्या वर्षी यात्रेकरू राजा होता, आणि यात्रा नऊ महिन्यांची झाली, एवढेच. हा माझा तर्क आहे आणि कोणी इतिहासाचा प्राध्यापक याला हसेलही. पण त्या डोंगरात चार दिवस चालून आलेला माणूस हसणार नाही असे वाटते.

पातालकोटच्या दरीत राजाखोह नावाची मोठी कपार आहे. नागपूरचा राजा येथे लपला होता असे तेथले लोक सांगतात. कोणता राजा यावर एकमत नाही आणि कागदी पुरावा तर दुरापास्तच. पण आपल्या वंशातल्या कोणी तरी त्या राजाला उतरवून आणले, ही आठवण त्यांनी ठेवली आहे, आणि आपण, ज्यांचा तो राजा, विसरलो आहोत.

याच गोष्टीचा दुसरा अंक चाळीस वर्षांनी झाला. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले. नागपूर गाठायचे, भोसल्यांचा मुलूख उठवायचा, असा बेत होता. त्यांना डोंगरातून काढून देणारा होता हर्राकोटचा भभूतसिंग, आणि तो अप्पासाहेबांना आसरा देणाऱ्या मोहनसिंगाचा नातू. आजोबाने एका मराठी माणसाला वाट दाखवली, नातवाने दुसऱ्याला. तात्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुलताईला पोहोचले. म्हणजे पांढुर्ण्यापासून एका दिवसाच्या मजलेवर! पण नागपूरची वाट इंग्रजी फौजांनी अडवली होती. तात्या पश्चिमेकडे मेळघाटात वळले, आणि एप्रिल १८५९ मध्ये शिवपुरीला फासावर गेले. भभूतसिंग डोंगरात लढत राहिला. त्यालाही पकडून १८६० मध्ये मृत्युदंड दिला. कोरकू समाज त्याला आपला राजा मानतो. २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पचमढीच्या अभयारण्याला त्याचे नाव देण्याचे जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रांत मोहनसिंग आणि अप्पासाहेब यांचा उल्लेख ओझरता आला. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचून कान टवकारले, कोण जाणे.

बंड मोडल्यावर लगेच कॅप्टन जेम्स फोर्साइथ पचमढीला आला. तेथले 'बायसन लॉज' त्याने बांधलेले. त्याच्या १८७१ साली निघालेल्या पुस्तकात मध्य भारताच्या या डोंगराळ प्रदेशाचे फार बारकाईचे वर्णन आहे, आणि गोंड-कोरकू वाटाडे, शिकारी त्यात पानोपानी भेटतात. साग कोठे संपतो आणि साल कोठे लागतो हे त्याने टिपले आहे. महादेवाच्या जत्रेतल्या पटकीच्या साथीबद्दलही लिहिले आहे. त्या काळी जत्रेहून परतणाऱ्यांबरोबर पटकी गावोगाव उतरे. जाताना निरोप घेत ते गळ्यात पडून, याचे एक कारण हेही होते. मात्र ज्यांच्या खांद्यावर बसून फोर्साइथने हा मुलूख पाहिला, त्यांच्याच पायाखालची जमीन सरकारने त्याच काळात काढून घ्यायला सुरुवात केली. १८६५ मध्ये पायथ्याचे बोरीचे जंगल राखीव झाले. जंगल जाळून केली जाणारी दहियाची शेती बंद झाली. पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली, बंगले उठले, आणि कालचा राखणदार आज साहेबाचा हमाल झाला.

छिंदवाडा-नागपूर ही छोटी रेल्वे १९१३ साली आली आणि यात्रेचे पाऊल लहान झाले. सौंसरच्या स्टेशनवर त्रिशूळ घेऊन चढायचे, छिंदवाड्याला गाडी बदलायची, आणि पुढे पायी. माझ्या आजीच्या पिढीच्या बायका सांगत की गाडीने जाणाऱ्याला पायी जाणारे 'अर्धा महादेव' म्हणून चिडवत. पण पहिल्या पायरीपुढे रेल्वे नव्हती. तेथे टोळी थांबे. भाकरी, चून, मिरचीचा ठेचा यांची गाठोडी सारखी केली जात, आणि ओळखीचा वाटाड्या येईपर्यंत कोणी पाऊल टाकत नसे. तो आला की त्याला आधी जेवू घालायचे. त्याला 'भगत' किंवा 'बाप्पा' म्हणत. नाव घेऊन हाक मारलेली कोणाला आठवत नाही. बायका त्याला भाऊ म्हणत, आणि ते वरवरचे नसे. परत आल्यावर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी धोतर नेले जाई. रात्री जंगलात तो जेथे थांबा म्हणेल तेथे थांबायचे, तो मोठ्याने बोलू नका म्हणाला की पोरांनीही गप्प बसायचे. घरी कोणाचे न ऐकणारे वडीलधारे त्या चार दिवसांत एका अनवाणी तरुणाचे ऐकत. मराठीत 'पुढारी' हा शब्द मुळात अशाच माणसासाठी असावा. पुढे त्याचे काय झाले ते आपण निवडणुकीत पाहतोच.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये बदलली. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले, नागपूर मुंबई राज्यात गेले. २०२३ मध्ये आपल्या या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. या सगळ्या बदलांत महादेवाची वाट मात्र ना इकडची झाली ना तिकडची. आजही शिवरात्रीला चौरागडावर सर्वाधिक ऐकू येते ती मराठी. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरते. तेव्हा जेमतेम दहा-बारा दिवस व्याघ्र प्रकल्पातली ती वाट उघडतात, आणि भर पावसात, लोखंडी शिड्या चढत-उतरत, नागपूर-अमरावतीपासून आपल्या गावांपर्यंतची माणसे जातात. मंडळे वाटेवर जेवणाचे मांडव घालतात. वाट ठरलेली, खुणा केलेल्या, गर्दीच वाट दाखवते. वाटाड्याची गरज उरलेली नाही, असे वाटते. धुक्यात वाट चुकलेल्याला शोधून आणायला मात्र आजही काजरीसारख्या आतल्या वस्तीवरचा माणूसच लागतो.

दुसरीकडे आपल्याच घरांतली मुले, पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी, सातपुड्यात तीन-चार दिवसांचा ट्रेक करायला येतात. तंबू, पाठीवरची पिशवी, आगाऊ नोंदणी. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात काही भागांत पायी फिरता येते, आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक घ्यावाच लागतो. तो मार्गदर्शक बहुधा गोंड किंवा कोरकू वस्तीतला तरुण असतो. खाकी गणवेश, छातीवर पट्टी, हिंदी स्वच्छ. मुले परत येऊन सांगतात की त्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे येतात, अस्वलाचा माग ओळखता येतो. त्याच्या पणजोबाने कोणाला वाट दाखवली असेल हे ना मुलांना माहीत, ना बहुधा त्याला. त्याला मराठीतले दोन-चार शब्द येतात, तेही शिवरात्रीमुळे. पायरी, भाकर, भाऊ.

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या सभासद घरांत महादेवाच्या जुन्या यात्रेच्या आठवणी असतील, खर्चाच्या वह्या असतील, मुक्कामाच्या गावांची यादी असेल, एखादा फोटो असेल. ऐंशीच्या पुढची माणसे अजून आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा. कोणत्या गावी थांबत होता, पाणी कोठे मिळे, पहिल्या पायरीवर तुमच्या टोळीला घ्यायला कोण येई, त्याची वस्ती कोणती, त्याच्या घरी कोण होते. नाव आठवत असेल तर नाव, नसेल तर तो कसा दिसत होता ते. वह्या मूळ द्यायच्या नसतील तर त्यांची नक्कल चालेल. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात कागद स्वीकारण्याची सोय केली आहे.